नववी चिठ्ठी

डिसेंबरच्या चोवीस तारखेला खुशालराव बाळापूरला होते. दोन भावांचा शेताच्या बांधावरून, म्हणजे तिकडच्या भाषेत धुऱ्यावरून, वाद होता. सरकारी मोजणी एकदा झाली होती, ती धाकट्याला मान्य नव्हती. खुशालरावांना भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण अकोला जिल्ह्यात अजून अशा वेळी लोक त्यांना बोलवायचे. मोजणीवाले म्हणाले म्हणजे झालं, असा त्यांचा मान होता. ते कोणाची बाजू घ्यायचे नाहीत आणि गरजेपेक्षा जास्त बोलायचे नाहीत.

टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं तेव्हा खिशातला फोन वाजला. लीलाबाईंचा होता. लीलाबाई म्हणजे त्यांच्या बायकोची, जमुनाची, डाबकी रोडवरची मैत्रीण. दोघी सकाळीच मिळून अमरावतीला गेल्या होत्या. परतीची गाडी कधी आहे हे सांगायला फोन केला असेल, असं त्यांना वाटलं. मोजणी अर्धी सोडली की पुन्हा पहिल्या खुणेपासून करावी लागते. त्यांनी फोन वाजू दिला. धुऱ्याचं दुसरं टोक गाठलं, आकडा लिहून घेतला, दोन्ही भावांना दाखवला, मग फोन लावला.

"भाऊजी, तुमी अमरावतीले या," लीलाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता. आन एकटे नका येऊ."

एकटे येऊ नका, एवढ्यावरून खुशालरावांना कळलं.

झालं ते असं. दोघींनी राजापेठेकडच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन तास घालवले, पिशवी भरून पुस्तकं घेतली आणि बसस्थानकावर येऊन बसल्या. जमुना म्हणाली, पाणी दे. लीलाबाईंनी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत तिची मान कलली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. ती एकसष्ट वर्षांची होती.

त्या दिवशी सकाळी ती निघाली तेव्हा खुशालराव दाढी करत होते.

"अमरावतीले चालली," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले.

कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यात राग नव्हता, काही नव्हतं. अडतीस वर्षांच्या संसारात ती जिथे जाते म्हणाली तिथे त्यांनी बरं म्हटलं होतं. आपण बायकोला कधी अडवलं नाही, याचं त्यांना समाधान होतं.

मुलगी मोनाली पुण्याहून आली, तेरवीपर्यंत राहिली. जायच्या आदल्या दिवशी तिनं आईचं कपाट आवरलं. साड्या काढल्या, वाटल्या. एक खाकी रंगाचं फाईलचं कव्हर तिनं वडिलांच्या पुढ्यात ठेवलं.

"बाबा, ही तुमच्या ऑफिसची दिसते. गट नंबर लिहिलाय वर."

कव्हर त्यांचंच होतं, पण आत नकाशे नव्हते. पोस्टकार्डाएवढ्या कापलेल्या जाड कागदाच्या नऊ चिठ्ठ्या होत्या, सगळ्या जमुनाच्या अक्षरात. मुलगी गाडीत बसून गेल्यावर त्यांनी त्या जेवणाच्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि चष्मा लावला.

प्रत्येक चिठ्ठीवर तीनच गोष्टी होत्या. ही कोण. हिचं काय चुकतं. मला ही का आवडते. नाव कुठल्याच चिठ्ठीवर नव्हतं.

जमुना वाचणारी होती. दर गुरुवारी दुपारी लीलाबाईंच्या हॉलमध्ये दहा बायका जमायच्या. त्याला त्या वाचक मंडळ म्हणत. खुशालराव कधी जमुनाला न्यायला गेले तर बाहेर स्कूटरवर बसूनच ऐकायचे. आत बायका अशा भांडायच्या की जणू एखाद्या नात्यातल्या मुलीचं लग्न मोडलंय. एक म्हणायची, तिनं तेव्हाच निघून जायला पाहिजे होतं. दुसरी म्हणायची, काहून जाईल, लेकरू कोन पाहील? पहिल्या वेळी त्यांना वाटलं, मंडळातल्याच कुणाचं काही बिनसलं असावं. नंतर कळलं की भांडण कादंबरीतल्या बाईवरून आहे. खुशालरावांनी जन्मात एक कादंबरी वाचली नव्हती. नसलेल्या बाईसाठी माणसं आवाज चढवतात याचं त्यांना नवल वाटायचं.

एकदा तर गंमतच झाली होती. तीनेक वर्षांपूर्वी ते बाहेरून आले तर जमुना मांडीवर पुस्तक ठेवून पदरानं डोळे पुसत होती.

"कोन गेलं?" त्यांनी विचारलं.

"मंदाकिनी," ती म्हणाली.

"अंजनगावची? मंग सुतक किती दिवसाचं?"

जमुना इतकी हसली की तिला ठसका लागला. "अवो, पुस्तकातली मंदाकिनी. आन मेली नाई ते. उलट."

खुशालरावांनी बरं म्हटलं आणि पाय धुवायला गेले. ही गोष्ट पुढे तिनं मंडळात सांगितली आणि वर्षभर तिथल्या बायका त्यांना पाहिलं की हसायच्या.

आता टेबलावर नऊ चिठ्ठ्या होत्या आणि मंडळात जमुना सोडून नऊ बायका होत्या. खुशालरावांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले. त्यांच्या धंद्यात असे दोन आकडे जुळले की पुढचं काम सरळ असतं. जमुनानं मंडळातल्या प्रत्येक बाईविषयी चार ओळी लिहून ठेवल्या आहेत आणि त्या जिच्या तिला पोचवायच्या राहिल्या आहेत, असा त्यांनी निष्कर्ष काढला. नाव नव्हतं, पण मोजणीवाल्याला नाव लागत नाही. खुणा पुरतात.

पहिली चिठ्ठी अशी होती: ही शिवणकाम करते. नवरा गेल्यावर तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मशीन काढून बसते, गाव नावं ठेवते. हिचं चुकतं ते असं, की मुलाचं लग्न मनासारखं व्हावं म्हणून ही खोटं पत्र लिहिते. मला आवडते कारण पकडली गेल्यावर रडत नाही. हो, मीच लिहिलं, म्हणते.

शिवणकाम करणारी विधवा बाई मंडळात एकच होती, कौशल्याबाई. गोरक्षण रोडला त्यांचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं. पत्राचं खुशालरावांना माहीत नव्हतं, पण बायका एकमेकींना काय काय सांगत असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात गेले, चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"जमुनानं तुमच्यासाठी लिहून ठेवली होती."

कौशल्याबाईंनी गळ्यातला टेप काढून बाजूला ठेवला आणि चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी काहून खोटं पत्र लिहीन? कोनाले लिवलं मी पत्र?"

"मले काय मालूम. तिनं लिहिलं ते देल्लं."

"पत्रबित्र काही नाई लिवलं मी." दुकानात काम करणाऱ्या मुलीकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "फोन केला होता. मुलीच्या मामाले. मुलगा दारू पिते म्हून सांगतलं, का थे लग्न मोडावं म्हून. आपल्याच पोराची बदनामी केली मी भाऊजी. पन हे जमुनाले कोनं सांगतलं? मी तर देवापुढंही नाई बोलली."

कौशल्याबाईंनी चिठ्ठीतली शेवटची ओळ बोट लावून वाचली.

"आवडते म्हनते," त्या म्हणाल्या. "हे मालूम असून आवडते म्हनते." मग चिठ्ठी घडी करून त्यांनी पोलक्यात ठेवली आणि खुशालरावांना चहा सांगितला.

दुसरी चिठ्ठी गणित शिकवणाऱ्या बाईची होती. ही कोणाचं ऐकून घेत नाही. हिचं चुकतं ते असं, की सख्ख्या भावाला माफ करत नाही, त्यात हिचंही आयुष्य नासतं. मला आवडते कारण लोकांना बरं वाटावं म्हणून शेवटच्या पानावर मवाळ होत नाही.

शेवटचं पान म्हणजे आयुष्याचं शेवटचं पान असेल, असं खुशालरावांनी धरलं. जमुना कधी कधी तसं लिहायची. मंडळात गणिताची शिक्षिका वर्षाली होती, चाळिशीची, तुकाराम चौकात राहणारी. तिचं भावाशी वाकडं आहे हे सगळ्या अकोल्याला ठाऊक होतं. वर्षालीनं दारातच चिठ्ठी वाचली आणि आत जाऊन तोंड धुऊन आली.

"काका, बारा वर्षं सगळे मले समजावून राहिले. जाऊ दे, एकच भाऊ आहे, राखी बांध. काकू एकट्याच अशा निघाल्या." ती नाक ओढून म्हणाली, "आता तर मी मुळीच माफ नाई करत."

खुशालरावांना वाटलं, हे काही बरोबर झालं नाही. पण मोजणीवाला आकडा सांगतो, शेत कोणी पेरावं ते सांगत नाही.

तीन दिवसांत त्यांनी सात चिठ्ठ्या पोचवल्या. एक बाई खूप हसली, एकीनं त्यांच्या तोंडावर दार लावलं, एकीनं विचारलं, यात मी कुठे आहे? ते म्हणाले, घराजवळ चिंच आहे ना तुमच्या, चिठ्ठीत चिंच आहे. ती म्हणाली, चिंच तर आहे. आठवी चिठ्ठी लीलाबाईंची, याबद्दल त्यांना शंका नव्हती. खूप बोलणारी आणि ऐन वेळी मात्र योग्य तेच बोलणारी बाई असं तिच्यात लिहिलं होतं. पण लीलाबाई अकोल्यात नव्हत्या. त्यांचा मुलगा धारणीला शिक्षक, सुनेचे दिवस भरलेले, म्हणून जमुनाचा तिसरा दिवस झाल्यावर त्या तिकडे गेल्या होत्या. तिथं फोन लागला तर लागायचा.

उरली नववी बाई, प्रणाली, बँकेत नोकरी करणारी, लग्नाला आठ महिने झालेली. आणि उरली नववी चिठ्ठी. ती प्रणालीची असणं शक्य नव्हतं.

ही बावीस वर्षं एका घरात राहते. नवरा चांगला माणूस आहे. दारू नाही, शिवी नाही, हात उचलत नाही. हिला काय पाहिजे, हे मात्र त्यानं कधी विचारलं नाही. हिचं चुकतं ते असं, की हिनंही कधी सांगितलं नाही. मला आवडते कारण

त्यापुढे कागद कोरा होता.

खुशालरावांनी मनात हिशेब केला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. पण या घरात राहायला येऊन? वास्तुशांतीचं वर्ष त्यांना पाठ होतं. बावीस. आठ गट नकाशात बसले होते, नववा बसत नव्हता, आणि नकाशात जागा एकच मोकळी होती. ती जमुनाची.

ती चिठ्ठी त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. आंघोळीला जाताना काढायचे, नवा शर्ट घातला की त्यात ठेवायचे. त्यांना राग आला नाही. त्यांनी फक्त तपासायला सुरुवात केली. आपण काय विचारलं होतं तिला, हे ते आठवू लागले. जेवण झालं का. चावी कुठे आहे. मोनालीचा फोन आला होता का. गॅस बंद केला का. असे पुष्कळ प्रश्न आठवले. चिठ्ठीत ज्याबद्दल लिहिलं होतं तसा एकही आठवला नाही.

लीलाबाई दहा जानेवारीला आल्या. धारणीची जीप, मग बस, असा दिवसभराचा प्रवास करून आल्या आणि दुसऱ्या सकाळी थेट खुशालरावांकडे. नातू झाला होता, पण पेढे आणले नव्हते. घरात आल्या आल्या त्यांची नजर कोपऱ्यातल्या कापडी पिशवीकडे गेली. ती अमरावतीहून आली तशीच तिथं होती.

"उघडली नाई का भाऊजी?"

"नाई." त्यांनी टेबलावरची आठवी चिठ्ठी उचलून पुढे केली. "हे तुमची. बाकीच्या मी पोचवल्या ज्याच्या त्याले."

लीलाबाईंनी चिठ्ठी पाहिली. मग खुशालरावांकडे पाहिलं.

"पोचवल्या म्हंजे?"

त्यांनी सांगितलं. कौशल्याबाई, वर्षाली, चिंचवाली. लीलाबाई ऐकता ऐकता खुर्चीत बसल्या. त्यांनी पदर तोंडावर धरला. खांदे हलायला लागले. खुशालरावांना वाटलं, रडतात. पण त्या हसत होत्या, आणि मग खरंच रडायला लागल्या, आणि रडता रडता पुन्हा हसल्या.

"अवो बाप्पा! अवो भाऊजी, ह्या पुस्तकातल्या बाया आहेत!"

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. मंडळात दर संक्रांतीला एक बाई वाण द्यायची. वाटी नाही, डबी नाही, पुस्तक. ज्या बाईची पाळी असेल तिनं आपल्या आवडीच्या नायिका निवडायच्या, ज्यांच्यात त्या आहेत ती पुस्तकं जुन्या बाजारातून शोधायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि वर चिठ्ठी लावायची. पुस्तकाचं नाव नाही, नायिकेचं नाव नाही. हळदीकुंकू झालं की बायकांनी चिठ्ठ्या वाचून आपापली बाई निवडायची. विधवा बायकांनाही वाण मिळायचं. त्यावरून पहिल्या वर्षी भांडण झालं होतं आणि ते जमुना जिंकली होती. पाळी कोणाची आणि ती काय देणार, हे संक्रांतीपर्यंत गुपित. यंदा जमुनाची पाळी होती. गुपित फक्त लीलाबाईंना ठाऊक होतं, कारण पिशवी उचलायला कोणीतरी पाहिजे होतं. पुस्तकाशिवाय सुटी चिठ्ठी, तीही गेलेल्या बाईची, म्हणून वाण बाकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"नाव काहून नाई लिहायचं?" खुशालरावांनी विचारलं.

"जमुनाचाच नेम होता थो. नाव पाहून कोनी सती निवडते, कोनी राणी. स्वभाव पाहून निवडा म्हने. आन दुसरी ओळ तर पाहिजेच. काय चुकते ते. आमची एक बाई एकदा म्हने, माह्या नायिकेचं काहीच चुकत नाई. जमुना म्हने, मंग ते बाई नाई, कॅलेंडरवरलं चित्र आहे. परत कर पुस्तक." लीलाबाईंनी डोळे पुसले. "सोसून सोसून मरते तिच्यासाठी तिले रडू नाई यायचं. जे चुकते, आन चुकलं म्हून तोंड लपवत नाई, तिच्यासाठी यायचं."

खुशालरावांनी पिशवी उघडली. आत पुस्तकं होती. त्यांनी ती मोजली. आठ.

"आठच आहेत."

"नववं भेटलं नाई. तिले थेच पाहिजे होतं सगळ्यात जास्त. दोन वेळा वाचनालयातून आणून वाचलं होतं, मंग थे वाचनालयच बंद पडलं. दुकानदाराले सांगून आली, कुठंही दिसलं तर ठेवजो."

खुशालरावांनी खिशातून नववी चिठ्ठी काढून त्यांना दिली. लीलाबाईंनी ती वाचली आणि मान हलवली.

"हेच. 'उत्तरेचा धुरा.' नागपूरच्या कोन्या बाईनं लिवलेली आहे, जुनी. मी नाई वाचली. नायिकेचं नाव," त्या आठवू लागल्या, "मंदाकिनी."

खुशालराव खुर्चीत बसले. जमुना पदरानं डोळे पुसत होती तो दिवस त्यांना आठवला. मेली नाई ते, ती म्हणाली होती. उलट. त्याच्यापुढे एक प्रश्न विचारायचा होता. उलट म्हणजे काय. तीन शब्दांचा प्रश्न. ते पाय धुवायला गेले होते.

"भाऊजी," लीलाबाई हळूच म्हणाल्या, "तुमी काय समजले होते? हे तिनं स्वतःबद्दल लिवलं म्हून?"

"बावीस वर्षं लिहिलं आहे."

"थे पुस्तकातले बावीस आहेत."

"हो," खुशालराव म्हणाले. त्यांना हलकं वाटायला पाहिजे होतं. थोडं वाटलंही. पण जमुनानं जगातल्या सगळ्या पुस्तकांमधून हीच बाई शोधायला अमरावती गाठली होती, हेही मोजायला पाहिजे होतं.

घरात सुतक नसलं तरी वर्ष झालेलं नव्हतं, म्हणून संक्रांतीचं हळदीकुंकू लीलाबाईंकडे झालं. पिशवी खुशालरावांनी स्कूटरवरून नेऊन दिली आणि ते नेहमीसारखे बाहेर थांबले. आतून आवाज येत होता. चिठ्ठ्या तर आधीच वाटल्या गेल्या होत्या आणि चुकून वाटल्या गेल्या होत्या हे आता सगळ्यांना कळलं होतं, पण एकीनंही आपली चिठ्ठी परत केली नाही. चिंचवाली तर म्हणाली म्हणे, मी वाचून पाहते, मी कुठं आहे ते. कौशल्याबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुस्तक होतं.

"तुमच्यामुळं फुकटात कबुली दिली मी," त्या म्हणाल्या. "पुस्तकातली बाई होती अन् मी आपली सांगत सुटली. मोजणीवाले कायचे तुमी!"

"चुकलं," खुशालराव म्हणाले.

"चुकलं तर चुकलं. पोराले सांगून टाकलं मी काल. दोन दिवस बोलणार नाई थो. मंग बोलेल."

प्रणाली सगळ्यांत शेवटी आली. आठ बायकांना आठ पुस्तकं मिळाली होती, तिचा हात रिकामा होता.

"काका, माझं काय?"

"तुले मिळते," ते म्हणाले. "मी आणतो."

"चिठ्ठीसकट हं. चिठ्ठी पूर्ण पाहिजे. तिसरी ओळ नसली तर वाण धरत नाहीत, काकूंचाच नियम आहे."

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. अकरा दिवस होते.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते अमरावतीला गेले. बसस्थानकावर उतरल्यावर कुठल्या बाकावर, हे त्यांनी पाहिलं नाही. सरळ राजापेठेकडे गेले. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा होती. दुकानदाराचं नाव गजेंद्र, पन्नाशीचा माणूस, मफलर बांधलेला.

"उत्तरेचा धुरा," खुशालराव म्हणाले.

गजेंद्रनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अकोल्याच्या बाईंनी सांगतलं होतं. थे तुमच्या कोन?"

"बायको."

"काल-परवाच आलं. चांदूर बाजारचे एक मास्तर वारले, त्यांच्या घरची रद्दी आली त्यात. बाईंले फोन लावला, तर लागत नाई." त्यानं मागच्या थप्पीतून पुस्तक काढलं, झटकलं. "त्या दिवशी मी म्हनलं, बाई, दुसरं कायतरी घ्या, याच्याहून भारी नायिका देतो. घर सोडून जाते, कोर्टात भांडते. तर म्हने, भांडणाऱ्या माह्यापाशी आहेत. मले हेच पाहिजे. हे फार लहान गोष्ट मागते."

"काय मागते?"

प्रश्न तोंडातून गेला तेव्हा खुशालरावांना स्वतःचंच नवल वाटलं.

"आता थे वाचा ना तुमी," गजेंद्र म्हणाला. "मी काहून सांगू?"

पुस्तक दोनशे चाळीस पानांचं होतं. खुशालरावांनी रोजची वीस-पंचवीस पानं धरली. सकाळी चहा झाला की टेबलाशी बसायचे आणि पट्टी ओळीखाली ठेवून वाचायचे. पहिले दोन दिवस त्यांना कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी मंदाकिनीच्या नवऱ्याचा राग आला. तो राग कशाचा आहे हे त्यांना चौथ्या दिवशी कळलं. तो त्यांच्यासारखाच बरं म्हणायचा.

गोष्ट साधी होती. मंदाकिनीला लग्नात वडिलांनी दोन एकर शेत दिलेलं असतं. नवरा ते चोख करतो. दरवर्षी धान्य घरात येतं, एक दाणा इकडे तिकडे होत नाही. पण लग्न झाल्यापासून बावीस वर्षांत तिनं ते शेत पाहिलेलं नसतं. तिला कोणी नाही म्हटलेलं नसतं. तिला तिथं जायचं आहे का, हे कोणी विचारलेलंच नसतं, आणि हे काय मागायचं, म्हणून तिनं मागितलेलं नसतं. आणि एक दिवस ती कोणाला न सांगता बैलगाडी करून जाते. उत्तरेच्या धुऱ्यावर, बाभळीखाली बसून भाकरी खाते. एवढंच करते. संध्याकाळी परत येते. नवरा दारात उभा असतो. तो विचारतो, कुठे गेली होतीस? बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारतो. ती म्हणते, बसा, सांगते. पुस्तक तिथंच संपतं.

उलट म्हणजे हे होतं.

खुशालरावांनी शेवटचं पान दोन वेळा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि त्याच्यावर पट्टी ठेवली. त्यांना रडू आलं नाही. मंदाकिनी त्यांना आवडली होती, हे मात्र खरं. ती कोणाची तक्रार करत नाही म्हणून नाही. तशा बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या आणि त्यांच्याकडे कधी वळून पाहिलं नव्हतं. ती धुऱ्यावर भाकरी खाताना मागे वळून पाहत नाही, म्हणून आवडली. त्या पानावर लेखिकेनं ठेच्याचं आणि बाभळीच्या सावलीचं लिहिलं होतं, नवऱ्याचं एक अक्षरही नव्हतं.

त्यांनी नववी चिठ्ठी खिशातून काढली. इतके दिवस खिशात राहून ती कोपऱ्यांना मऊ पडली होती. पेन्सिल घेतली. मला आवडते कारण, याच्यापुढे काय लिहायचं ते त्यांना आता सांगता आलं असतं. एका कोऱ्या कागदावर त्यांनी लिहूनही पाहिलं. चार वेळा लिहिलं. चारही बरोबर होती. पण चिठ्ठीतलं मला म्हणजे जमुना. दुसऱ्याच्या शेतात खूण रोवायची नाही, हे त्यांनी तीस वर्षं पाळलं होतं.

त्यांनी लीलाबाईंना फोन केला.

"लीलाबाई, जमुनाले थे मंदाकिनी काहून आवडत होती?"

"मले नाई सांगतलं कधी तिनं. मी पुस्तकच नाई वाचलं तर काय विचारू? तुमाले नाई का सांगतलं?"

"मी नाई विचारलं."

रथसप्तमी पंचवीस जानेवारीला होती, ती झाली. प्रणाली दोनदा येऊन गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, काका, तुम्हीच लिहा की तुमच्या मनानं, कोण रागावणार आहे. खुशालराव बरं म्हणाले नाहीत. त्यांनी तिला विचारलं, तुले सासरी काय पाहिजे असते? ती आधी हसली आणि मग बराच वेळ बोलत बसली. आपल्यासाठी एक खिडकीजवळचं टेबल पाहिजे, असं काहीतरी ती म्हणाली. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं.

पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून तयार आहे. चिठ्ठी त्याच्यावर ठेवलेली आहे, अजून चिकटवलेली नाही. तिसरी ओळ लिहायची राहिली आहे.